विलोचं वाइंडिंग

कॉइलशेठ हे नाव त्याला बायकोनं ठेवलं आणि मग गल्लीनं उचललं. शेठपणाचं त्याच्याकडे काही नव्हतं. होतं ते एक दुकान, तेही इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की यानं स्टूल उचलून उभं राहायचं. जळालेले पंखे, पाण्याचे पंप, मिक्सर, शिवणयंत्राच्या मोटरी, सगळं त्याच्याकडे यायचं. आतली जळकी तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार वेढ्यावर वेढा घालत भरायची, वर व्हार्निश पाजायचं आणि मोटर पुन्हा फिरती करून द्यायची. याला वाइंडिंग म्हणतात. विशीत हे काम शिकला आणि साठी आली तरी तेच करत होता. आपल्याइतकं चांगलं वाइंडिंग करणारा या भागात दुसरा नाही, असं तो स्वतःच सांगायचा, आणि ते खरं होतं. सैल वेढा थरथरतो, थरथरला की घासतो, घासला की जळतो. म्हणून दोन वेढ्यांमध्ये नख जाता कामा नये, हा त्याच्या उस्तादाचा पहिला धडा. एकदा भरलेली कॉइल मोटर जळेपर्यंत उघडायची नाही, हा दुसरा. एवढ्या दोन धड्यांवर त्यानं संसार केला, मुलगी शिकवली, तिला दूरच्या शहरात नोकरीला लावलं.

बायकोला गल्ली झाडवाली काकू म्हणायची. झाडं तिची म्हणाल तर खिडकीत मावतील इतकीच, आणि त्यातलं खरं एकच. नर्सरीवाल्या ताईंनी तिला एकदा विलोची फांदी दिली होती. ज्या जातीच्या लाकडाच्या क्रिकेटच्या बॅटी होतात ना, त्यातलंच हे झाड, फक्त लांब, खाली लोंबणाऱ्या फांद्यांचं. अंगठ्याएवढी जाड काठी तिनं बादलीत उभी करून ठेवली आणि आठवड्यात तिला मुळं फुटली, पालवीही आली.

"काठीला पालवी फुटली म्हणे," कॉइलशेठ हसला होता. "आता माझी छत्री ठेवून बघ त्या बादलीत."

"छत्रीला फुटेल एक वेळ, तुम्हाला काही फुटायचं नाही," ती म्हणाली होती.

त्या काठीचं तिनं अकरा वर्षांत झाड केलं. उंची दोन वितींची, पण बघणाऱ्याला वाटावं की तळ्याकाठचं जुनं झाड कुणीतरी लांबून दाखवतंय. हे सोपं नसतं. विलो मोठा असला की त्याच्या फांद्या आपल्याच भारानं खाली येतात. कुंडीतल्या विलोला तेवढा भार कुठला असायला? त्याच्या फांद्या उर्मट पोरासारख्या सरळ वर जातात. दर वर्षी एकेक फांदी तारेनं खाली वळवावी लागते. दर वर्षी मुळं छाटून माती बदलावी लागते. आणि तहान तर विचारू नका; उन्हाळ्यात कुंडी पाण्याच्या परातीत बसवून ठेवायची, नाहीतर दुपारपर्यंत झाडानं मान टाकलीच म्हणून समजा.

वळवायला लागणारी तार ती याच्याच दुकानातून न्यायची. मोटरीतून उपसलेली जळकी तार, भंगाराची. जळून मऊ झालेली असते, हवी तशी वळते. काही आठवड्यांनी तीच तार बारीक तुकडे होऊन भंगाराच्या डब्यात परत यायची.

"अगं, तुकडे कशाला करतेस? अख्खी तार परत द्यायला हात दुखतात का?" तो दर वेळी करवादायचा.

"तुम्ही तुमच्या मोटरी बघा," ती म्हणायची, आणि तो मोटरी बघायचा. ही तार परत का येते, हे त्यानं तिला कधी विचारलं नाही. बायकोच्या छंदाचं कौतुक करणारे नवरे असतात. त्यात काही विचारणारे थोडे. हा पहिल्या जातीचा.

थंडीच्या शेवटी एका सकाळी ती चहा गाळताना खाली कोसळली. दवाखान्यातून परत आली तेव्हा उजवं अंग गेलं होतं आणि बोलणंही. अगदी सगळं गेलं असतं तर एक वेळ बरं, पण दोन शब्द मागे राहिले होते. "बरं का." पाणी हवं असलं तरी "बरं का", पाठ दुखली तरी "बरं का", मुलीचा फोन आला तरी "बरं का". मान हो म्हणून हलली तर हो असेल याची खात्री नाही. आत सगळं जागेवर आहे, पण बाहेर येण्याची वाट बिघडली आहे, असं डॉक्टर म्हणाले. मुलगी रजा टाकून आली, तिनं दिवसभर सांभाळायला एक मावशी लावून दिल्या, आणि रजा संपल्यावर डोळे पुसत गेली.

कॉइलशेठनं पलंग पुढच्या खोलीत खिडकीपाशी आणला. खिडकीच्या कट्ट्यावर विलो होता, पानं गळून नुसता काड्यांचा. याला तर वाटलं की तोही गेला. पण थंडी सरली तशा काड्यांवर हिरव्या टिकल्या आल्या आणि तिचा अर्धा चेहरा हसला. दुसरा अर्धा हसू शकत नव्हता.

मग त्या घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. तो कुंडीवर पाण्याची झारी धरायचा आणि तिच्याकडे बघायचा. ती डावा हात हलवायची: अजून, अजून, बस. पंजा उताणा केला की परातीत पाणी घाल. झाडाकडे बोट दाखवून गोल फिरवलं की कुंडी वळव, दुसऱ्या बाजूला ऊन लागू दे. मान खोटं बोलायची, तोंड खोटं बोलायचं, पण झाडापुरता तो डावा हात खरं बोलत होता. दुकान उघडायला उशीर होऊ लागला. गिऱ्हाइकं कुरकुरली. त्याला त्याचं काही वाटलं नाही. अख्ख्या दिवसात बायको आपल्याशी बोलते ते एवढंच, आणि तेही या झाडाच्या निमित्तानं, हे त्याला पक्कं कळलं होतं. म्हणून तो त्या झाडाला डोळ्यांत तेल घालून जपायचा. झाड गेलं तर बायको तिथे पलंगावर असूनही नसल्यासारखी होईल, अशी त्याला भीती होती.

वसंतात विलो उधळला. सगळ्या कोवळ्या फांद्या वर. एका सकाळी तिनं डावा हात वर नेला आणि सावकाश खाली आणला, पुन्हा वर, पुन्हा खाली.

"वळवायच्या? तारेनं?"

"बरं का, बरं का," ती म्हणाली आणि डोळे मिटून उघडले.

कॉइलशेठला किती आनंद झाला म्हणून सांगू! पाणी घालणं काय, कुणीही घालेल. पण तार! तार म्हणजे त्याचं राज्य. इतकी वर्षं बिचारीला आपण भंगारातली जळकी तार दिली, या विचारानं त्याला लाजच वाटली. त्यानं नव्या, लालसर चमकत्या तारेचं रीळ आणलं आणि दुकान बंद असायच्या दिवशी पलंगाजवळच्या टेबलावर झाड घेऊन बसला.

असं वाइंडिंग त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. वेढ्याला वेढा चिकटलेला, मध्ये नख जाणार नाही. बुंध्यालाही त्यानं जाड तार भरली, म्हणजे मजबुती येईल. एकेक फांदी त्यानं पाळण्यातल्या पोराला हात लावावा तशी हळूच खाली आणली. सुरुवातीला ती बघत होती. मग तिचा हात फडफडायला लागला. "बरं का! बरं का!" तिनं अंगठा आणि तर्जनी यांच्यात थोडं अंतर धरून त्याला दाखवलं, पुन्हा पुन्हा दाखवलं.

"थोडंच राहिलंय ना? हो, हो, पुरं करतो," तो म्हणाला, आणि राहिलेली फांदीही त्यानं भरून टाकली.

संध्याकाळी झाड कट्ट्यावर गेलं ते दागिने घातलेल्या नवरीसारखं. मावशी म्हणाल्या, "दादा, काय हात आहे हो तुमचा!" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यानं ते पुसलं आणि स्वतःचेही डोळे पुसले. आपण बायकोला शेवटी काहीतरी दिलं, असं वाटून तो त्या दिवशी फार सुखात झोपला.

त्यानंतर ती रोज रडू लागली. डोळा उघडला की खिडकीकडे बघायची आणि रडायची. काही आठवड्यांनी तिनं नवीनच काढलं. डाव्या हाताची दोन बोटं कात्रीसारखी उघडायची, मिटायची. दिवसभर तेच. मावशींनी बराच विचार केला आणि त्यांना उलगडलं.

"दादा, केसांचा त्रास होतोय त्यांना. उकाडा केवढा आहे. कापून टाकू या का?"

"विचारा तिलाच."

मावशींनी विचारलं. मान हो म्हणून हलली. ती मान कशी होती ते सांगितलंच आहे. मावशींनी तिचे केस मानेपर्यंत कापले. तिचे केस तिला फार प्रिय होते, हे कॉइलशेठला ठाऊक होतं. पण तिनंच मागितलं म्हटल्यावर तो काय बोलणार? केस खाली पडत होते आणि ती खिडकीकडे बोटांची कात्री चालवतच होती. मावशी म्हणाल्या, "झालं हो, झालं, कापलं सगळं."

तपासणीला डॉक्टर आले तेव्हा त्यानं रडण्याचं सांगितलं.

"या आजारात असं होतं," डॉक्टर म्हणाले. "कारण नसताना रडू येतं, हसू येतं. त्याचा अर्थ लावत बसू नका. मन दुसरीकडे वळवा."

बिचाऱ्या डॉक्टरांचंही चुकलं नाही. असं होतंच. पण कॉइलशेठनं ते वाक्य उस्तादाच्या तिसऱ्या धड्यासारखं पाठ केलं. ती रडायला लागली की हा रेडिओ लावायचा, गिऱ्हाइकांच्या नकला करायचा, मुलीला फोन लावून द्यायचा. ती हात उचलायची, हा तो हात धरून थोपटायचा. मन वळवायचं म्हटल्यावर काय काय नाही केलं त्यानं! फक्त ती कुठे बघतेय ते वळून बघितलं नाही.

ते मावशींनी बघितलं.

"दादा, एक बोलू? त्या झाडाकडे बघूनच रडतात त्या. मी तोंड इकडे वळवलं की गप्प असतात."

त्यानं थोडा विचार केला. आपल्या हातांनी वाढवलेलं झाड आता आपल्याला शिवताही येत नाही, याचं दुःख होत असेल, असा त्यानं अर्थ लावला. अर्थ अगदी शहाणा होता. चुकीचा माणूस इतका शहाण्यासारखा चुकतो की त्याला कुणी अडवत नाही. दोघांनी मिळून पलंग फिरवला. आता तिच्यासमोर कपाट आणि कोरी भिंत होती. काही दिवस ती मान मागे वळवायचा प्रयत्न करत राहिली, उशी सरकायची, मावशी ती नीट करायच्या. मग तिनं ते सोडलं. रडणंही कमी झालं.

"सुधारतेय," त्यानं मुलीला फोनवर सांगितलं.

झाड मात्र बिघडलं. आधी एका फांदीची पानं पिवळी पडली. त्यानं पाणी वाढवलं. मग दुसरीची. त्यानं ऊन कमी केलं, कापडाचा आडोसा बांधला. आता पंजा उताणा करून सांगणारं कुणी नव्हतं. विचारायचं तर पलंग फिरवावा लागला असता आणि ती पुन्हा रडली असती. पानं गळायला लागली तेव्हा त्यानं ती खिशात भरून दुकानात नेऊन टाकली, मावशींना दिसून त्या तिच्यादेखत बोलू नयेत म्हणून. घरात आल्यावर तो भिंतीकडे तोंड केलेल्या बायकोला सांगायचा, "झाड मजेत आहे हं. फांद्या कशा छान खाली आल्यात." ती ऐकायची. एकदाही तिनं त्याला "बरं का" म्हटलं नाही.

नर्सरीवाल्या ताईंचा गुडघा फिरला होता, म्हणून त्या इतके महिने येऊ शकल्या नव्हत्या. एका दुपारी काठी टेकत आल्या. पलंगाजवळ बसल्या, तिचे कापलेले केस बघितले आणि तिचा हात हातात घेतला. उठताना त्यांची नजर खिडकीकडे गेली. त्या तशाच कट्ट्यापर्यंत गेल्या आणि बुंध्यावर बोट फिरवलं.

"ही तार कधी घातली?"

"वसंतात. मीच घातली. का?"

"आणि काढली नाही?"

"काढायची असते?" कॉइलशेठनं विचारलं.

 ताई हळू आवाजात म्हणाल्या, "विलो फार भराभर फुगतो, भाऊ. तारेला जागा सोडून वेढे घालायचे, रोज बघायचं, आणि साल दाबली जातेय असं दिसलं की लगेच कापून काढायची. उलगडायचीसुद्धा नाही, फांदी मोडते. बारीक तुकडे करूनच काढायची. काकू तर या बाबतीत माझ्यापेक्षा कडक."

त्यानं पक्कड आणली. ती ताईंनीच हातात घेतली. पण तारेला पकडायला टोकच सापडेना. तार सालीत रुतून बसली होती, वर साल दोन्हीकडून फुगून आली होती. त्याचं ते नख न जाणारं वाइंडिंग झाडाच्या अंगात गेलं होतं. ताईंनी एक वेढा उचकटला तशी त्याबरोबर साल निघाली, आणि आत सगळं तपकिरी, कोरडं. दुसरा वेढा, तसंच. फांदी वाकवली तर काडीसारखी मोडली.

कॉइलशेठ खाली बसला. भंगाराचा डबा त्याच्या डोळ्यांसमोर आला. वर्षानुवर्षं तारेचे तुकडे त्या डब्यात परत येत होते आणि हा करवादत होता. दोन बोटांमधलं अंतर आठवलं. जागा सोडा. बोटांची कात्री आठवली. कापा, कापा. तिनं सगळं सांगितलं होतं. एकदा नाही, रोज, जेवढं अंग शिल्लक होतं तेवढ्या सगळ्यानं. आणि आपण तिचे केस कापले. आपण तिचं तोंड भिंतीकडे केलं. 

"खाली बघा," ताई म्हणाल्या. बुंध्याच्या तळाशी, तारेच्या खाली, मातीतून एक हिरवा कोंब वर आला होता. "मूळ जिवंत आहे. विलो असा सहज मरत नाही. हा कोंब वाढवता येईल. पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल, इतकंच."

पहिल्यापासून म्हणजे अकरा वर्षं. ताईंनी ते तोंडातून काढलं नाही. पलंगावरच्या बाईकडे अकरा वर्षं नव्हती, आणि ज्या हातांनी ते झाड झालं होतं ते तर आत्ताच नव्हते. करावं लागेल, पण करायचं कुणी? ताई गेल्या तरी तो जमिनीवरून उठला नाही. मावशी चहा ठेवून गेल्या, चहावर साय धरली.

शेवटी तो उठला. लपवून काय होणार होतं? त्यानं कुंडी उचलली, पलंगाच्या पलीकडे गेला, कपाट आणि पलंग यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत गुडघ्यावर बसला आणि झाड तिच्या डोळ्यांसमोर धरलं. सोललेल्या काड्या, कुठे कुठे अजून चमकणारी तार, तळाशी तो एक कोंब.

"मी मारलं," तो म्हणाला. "तू सांगत होतीस, मला कळलं नाही. आत्ता कळलं."

 ती आता रडेल, असं त्याला वाटलं. रडावं, ओरडावं, डाव्या हातानं कानफटात द्यावी. कारण नसताना येणारं रडू म्हणे. आता तर कारण होतं. त्यानं तिचा हात उचलून स्वतःच्या गालाशी नेला.

"मार ना. शिव्या दे मनातल्या मनात. काहीतरी कर गं."

तिनं झाडाकडे बघितलं. एकेका फांदीवरून तिची नजर फिरली, पूर्वी सकाळी फिरायची तशीच, वरून खाली. कोंबावर ती थांबली नाही. मग तिनं त्याच्या गालावरून हात काढून घेतला. झटकला नाही, नुसता काढून घेतला आणि पांघरुणाखाली नेला. तिच्या डोळ्यांत थेंबभरही पाणी नव्हतं. कॉइलशेठला तेव्हा कळलं की ती रडत होती तोवर तिला काहीतरी आशा होती.

त्यानंतर तो हात पांघरुणाबाहेर आला तो फक्त मावशी अंग पुसायच्या तेवढ्यापुरता. पाणी पाजलं तर प्यायची, भरवलं तर गिळायची. तो रोज सकाळी येऊन बसायचा आणि विचारायचा, "काही सांगायचंय का? आता मी नीट बघेन." आणि तो खरंच नीट बघायचा, तिच्या बोटांकडे, डोळ्यांकडे, अर्ध्या ओठाकडे, अगदी डोळे दुखेपर्यंत. बघण्यासारखं तिथे काही राहिलं नव्हतं. तो कोंब दुसऱ्या खोलीत, परातीतल्या पाण्यावर, निर्लज्जासारखा सरळ वर वाढत होता. त्याला पाणी घालावं की नाही हे कॉइलशेठला कळत नव्हतं. घालायचा.

एका सकाळी चादर बदलायला मावशींनी पलंग मधोमध ओढला. चादर झाली, उशी झाली, आणि त्या पायथ्याशी पलंग धरून उभ्या राहिल्या.

"दादा, आता कुणीकडे तोंड करू? खिडकीकडे की भिंतीकडे?"

खिडकीच्या कट्ट्यावर विलोची जागा रिकामी होती. कुंडीच्या बुडाचा गोल डाग तेवढा तिथे उरला होता. कॉइलशेठ बोलायला गेला आणि थांबला. तो बायकोच्या जवळ गेला, तिच्यावर वाकला आणि तिलाच विचारलं.

"अगं, तू सांग. कुणीकडे ठेवू तुला?"

तिनं त्याच्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

ते उघडायची तो वाट बघत राहिला. मावशीही थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग पलंग खोलीच्या मधोमध तसाच सोडून कपडे धुवायला गेल्या.